किनुएताई तेल विकत बसते

उकिनेजिमा, ९ एप्रिल

मिची,

चेरी फुलली, समुद्र निवळला, वारा मऊ झाला वगैरे जे काही पत्राच्या सुरुवातीला लिहायचं असतं ते सगळं मी लिहिलंय असं समज. चाळीस वर्षं शाळेत भाषा शिकवलीस तू, तुला ते शोभतं. मी पंपवाली बाई, मी सरळ मुद्द्यावर येते. बाबांचा पेट्रोल पंप बंद होणार.

काल कंपनीचा माणूस बोटीने आला. गोरा, गुळगुळीत, बोलताना पाच वेळा वाकला. जमिनीतल्या टाकीला चाळीस वर्षं झाली म्हणे. आता एक तर नवी टाकी पुरा, नाहीतर गाशा गुंडाळा. नवी टाकी पुरायची तर मला अख्खं बेट विकावं लागेल, आणि विकत घेणार कोण? मी त्याला म्हटलं, "माझं वय एकाहत्तर. मला बरं कोणी बदलत नाही ते!" तो हसला नाही. परत वाकला.

पण खरं सांगू का, त्या टाकीत आता भरायला तरी काय उरलंय? आधी टँकर दर आठवड्याला यायचा. मग पंधरा दिवसांनी. आता महिन्यातून एकदा, तोही अर्धा भरलेला. समुद्रापलीकडे कुठेतरी कोणीतरी कोणावर बाँब टाकतो आणि इथे माझ्या पंपावरचा आकडा टुणकन उडी मारतो. आणि गिऱ्हाईक म्हणशील तर संत्रीवाला शिगेमात्सु, माझं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक, तोही फितूर झाला. विजेवर चालणारा छोटा टेम्पो घेतलाय त्याने! आवाज येत नाही त्या टेम्पोचा. परवा माझ्या पाठीमागे येऊन उभा राहिला तेव्हा माझ्या हातातली बादली उडाली.

३१ मेला शेवटचा दिवस. तू सारखी विचारतेस ना, कोबेला माझ्याकडे राहायला ये म्हणून? बघू. येईन म्हणते.

फोन करू नकोस. फोनवर आपण लगेच भांडतो. पत्रात निदान दोन दिवसांनी भांडतो.

किनुए

*

कोबे, १४ एप्रिल

ताई,

पत्र वाचून मी स्वयंपाकघरात चक्क एक गिरकी घेतली. अडुसष्टाव्या वर्षी. कंबर धरली, पण ते जाऊ दे.

पंपाचं वाईट वाटलं, हे आधी लिहायला हवं होतं. वाटलंच. पण अगं ताई, तू येणार! दक्षिणेकडची खोली मी रिकामी केली आहे. शाळेच्या जुन्या वह्या होत्या तिथे, सगळ्या रद्दीत दिल्या. नवी गादी आणली. पडदे निळे घेतले आहेत, तुला समुद्र दिसत नाही म्हणून तू कुरकुरणार हे मला ठाऊक आहे. इमारतीला लिफ्ट आहे. तळमजल्यावर टोफूवाला आहे. बुधवारी समोरच्या सभागृहात गाण्याचा वर्ग असतो. तुझा आवाज फाटका आहे, पण तिथे सगळ्यांचेच आहेत.

तू "येईन म्हणते" असं लिहिलं आहेस. भाषेच्या शिक्षिकेला हे वाक्य आवडत नाही. "येते" असं लिही.

मिचियो

*

उकिनेजिमा, ३ जून

मिची,

संपलं! आणि काय थाटात संपलं म्हणून सांगू! बाबा असते तर टोपी उडवली असती त्यांनी.

शेवटच्या दिवशी सकाळी सात वाजता शटर उघडलं तर बाहेर रांग! शाळेच्या वळणापर्यंत! मोजली मी, एकतीस वाहनं. बेटावर आहेत सव्वीस. बाकीची पाच म्हणजे गवत कापायची दोन यंत्रं, हातगाडीवर घालून आणलेलं एक बोटीचं इंजिन, देवळातल्या गुरुजींचा जनरेटर आणि शिगेमात्सुचा विजेचा टेम्पो. मी म्हटलं, "तू कशाला आलास, फितूर?" तर म्हणतो कसा, "टाकी फुल्ल!"

"कुठली टाकी? टाकी आहे का तुला?"

"नाही. पण तीस वर्षं दर गुरुवारी येऊन म्हणतोय, सवय मोडवत नाही. काच तरी पूस की."

पुसली बाई काच. सगळ्यांच्या पुसल्या. गवत कापायच्या यंत्राला काच नसते, तरी फडकं फिरवलं. आणि प्रत्येक गाडी रस्त्याला लागेपर्यंत बाबांसारखी कमरेत वाकून उभी राहिले. एकतीस वेळा. दुसऱ्या दिवशी मला कोणीतरी उलट बाजूने सरळ करायला हवं होतं.

तुला आठवतं, त्र्याहत्तर साली तेलाची टंचाई झाली तेव्हा? तेल संपणार म्हणून लोकांनी कागदाचे रोल साठवले होते! तेलाचा आणि संडासातल्या कागदाचा काय संबंध, कोणालाच माहीत नव्हतं. आईने दोनशे आणले आणि तू त्यांच्यावर गादी टाकून झोपायचीस. या वेळी कोणी काही साठवलं नाही. लोक नुसते हसत होते आणि मध्येच डोळे पुसत होते.

दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी नळीतून फुस्स असा आवाज आला आणि थांबलं. त्या वेळी नळी देवळाच्या जनरेटरमध्ये होती. गुरुजींनी हात जोडले आणि तिथल्या तिथे टाकीसाठी मंत्र म्हटले. आता टाकीत वाळू भरली आहे. परवान्यावर शिक्का बसला. कायदेशीरपणे मी आता कोणी नाही!

कोबेला यायचं म्हणजे आवराआवर आली. पंधरा दिवस दे.

किनुए

*

कोबे, २४ जून

ताई,

पोस्टकार्डच लिहिते. पंधरा दिवस होऊन सहा दिवस झाले. पडद्यांना ऊन लागून एका बाजूने रंग उडायला लागला आहे. कधी येतेस?

मिचियो

*

उकिनेजिमा, २ जुलै

मिची,

रागावू नकोस. आवराआवर चालली आहे गं. फक्त मध्ये मध्ये लोक येतात.

आता ऐक, गंमत. सकाळी उठले की पाय आपोआप पंपावर जातात. गणवेश घालते, तोच तेवढा मला नीट बसतो. खुर्ची टाकते. मग एक एक जण येतो. आधी शिगेमात्सु येतो, टाकी फुल्ल म्हणतो. मग मासेवाल्या ओतोकिताई येतात, मग गुरुजी. कोणी मुळ्याचं लोणचं आणतं, कोणी काकड्या. सायकलवाल्यांच्या घंटीवरसुद्धा मी फडकं मारते. संध्याकाळ कधी होते कळत नाही. जन्मभर पेट्रोल विकलं तेव्हा कामात असायचे, आणि आता टाकीत वाळू भरल्यावर खऱ्या अर्थाने "तेल विकत" बसले आहे! आपल्याकडे लोक चकाट्या पिटणाऱ्याला "तेल विकत बसलाय" म्हणतात ना, तशी. शिगेमात्सु म्हणतो, पूर्वी मी हातात नळी धरून गप्पा मारायचे, आता नळीची अडचण गेली.

आणखी एक. पंपावरचं ते मोठं छत आहे ना, दक्षिणेला उघडं? शिगेमात्सुने त्यावर सोलर बसवलं. त्याच्या संत्र्यांच्या गोदामावर जागा उरली नव्हती म्हणे. एक वायर खाली सोडली आहे. त्याचा टेम्पो आता इथे चार्ज होतो. म्हणजे तो गुरुवारी येतो आणि तीन तास हलत नाही. म्हणते ना, हा माणूस लबाड आहे.

ऑगस्टमध्ये नक्की.

किनुए

*

कोबे, ७ जुलै

ताई,

वाचलं. समजलं.

तुझं वय एकाहत्तर आहे. गेल्या हिवाळ्यात तू अंगणात घसरून पडली होतीस आणि मला ते तीन महिन्यांनी कळवलंस. एकटी राहतेस. दिवसभर उन्हात सिमेंटवर बसतेस. मी इथून काय करू शकते? काही तरी करीन म्हणते. कोणीतरी जबाबदार माणसाने तुझ्याकडे बघायला हवं.

मिचियो

*

उकिनेजिमा, २५ जुलै

मिची! मिची! मिची!

तुझ्या बहिणीवर धाड पडली!

थांब, पाणी पिते आणि मग सांगते. परवा मंगळवारी सकाळी पावणेनऊच्या बोटीतून पांढरी गाडी उतरली. विजेवरची, सरकारी. आत अग्निशमन दलाचे दोघं. एक ताकेमोतो-सान, उंच, पडलेला चेहरा, हातात फाईल. दुसऱ्या एक बाई, गळ्यात वायू हुंगणारं यंत्र. नगरपालिकेकडे म्हणे तक्रार गेली होती की उकिनेजिमाच्या बंद पंपावर एक म्हातारी चोरून इंधन विकते. नगरपालिकेने ती अग्निशमन दलाकडे धाडली. परवाना नसताना विकते म्हणे! सकाळपासून संध्याकाळपर्यंत!

आता बेटावरच्या लोकांचं बघ. ते बंदरावर उतरले आणि ओतोकिताईंना विचारलं, "बंद पंप कुठे आहे?" ओतोकिताईंना वाटलं, किनुएला पकडायला आले. त्यांनी हात केला उत्तरेला. उत्तरेला दीपगृह आहे. दीपगृहावर गुरुजी भेटले, त्यांनी दाखवलं दक्षिणेला. दक्षिणेला नुसती संत्री. तिथून शिगेमात्सुने त्यांना डोंगरावरच्या पाण्याच्या टाकीकडे पिटाळलं. "टाकी" म्हणालात ना, म्हणून टाकीकडे पाठवलं, असं त्याचं म्हणणं. बिचाऱ्यांनी बेटाला तीन वळसे घातले, मधल्या चढासकट. पंप तर मोठ्या रस्त्यावरच आहे, तीनदा माझ्यासमोरून गेले. मला काय ठाऊक? तिन्ही वेळा मी वाकून नमस्कार केला!

चौथ्या वेळी थांबले. तोवर वाट चुकवणारे तिघंही माझ्याकडे चहाला येऊन बसले होते. माझा गणवेश बघितला, टोपी बघितली. ताकेमोतो-सान फाईल उघडून म्हणाले, "तुम्ही इथे काय करता?"

मी म्हटलं, "बसते."

"काय विकता?"

"काकड्या घ्यायच्या तर घ्या, विकत नाही."

बाईंनी यंत्र चालू केलं. पंपाभोवती फिरवलं, काही नाही. टाकीच्या झाकणावर धरलं, काही नाही. वाळू गं ती! मग ऑफिसात शिरल्या आणि यंत्राने अशी काही किंकाळी फोडली की शिगेमात्सु खुर्चीवरून खाली आला. ताकेमोतो-सान ओरडले, "सगळे बाहेर!" आम्ही सात जण बाहेर, हातात चहाचे पेले. बाई एकट्या आत. यंत्र किंचाळतंय, त्या टेबलाखाली वाकल्या, आणि बाहेर काय काढलं असेल? माझी उमेच्या फळांची दारू! तीन वर्षं मुरवलेली! झाकण ढिलं राहिलं होतं. यंत्राला काय, जे पेटेल ते तेल!

गुरुजींनी गंभीरपणे सांगितलं, "पुरावा चाखून बघावा लागेल." ताकेमोतो-सान कामावर होते, ते नाही म्हणाले. बाई मात्र जरा विचारात पडल्या.

तर सगळं तपासून झालं, आणि गाडी चालू करायला गेले तर बॅटरीत चार टक्के. बंदर उताराच्या टोकाला, पण बोटीवर चढायची फळी उभी चढण. ताकेमोतो-सानचा चेहरा आणखी पडला. समुद्रापलीकडच्या शहरातून बोटीपर्यंत तंगडतोड करत आलेली गाडी, वर आपल्या लोकांनी घडवलेली बेटप्रदक्षिणा! बेटावर चार्जिंग कुठे आहे विचारलं. सगळ्यांनी एकदम वर छताकडे बोट दाखवलं. या वेळी मात्र दिशा बरोबर होती.

साडेचार तास लागले, मिची! साडेचार तास सरकारी माणूस माझ्या पंपावर बसला. काय करणार? मी गार शेवया केल्या. बाईंनी पायातले बूट काढले. ताकेमोतो-सानने आधी फाईल मिटली, मग टोपी काढली, मग आईची गुडघेदुखी सांगितली, मग लग्न कसं मोडलं ते. ओतोकिताई रडल्या. शेवटी मी काच पुसली आणि गाडी दिसेनाशी होईपर्यंत वाकले. गाडीतल्या बाईसुद्धा आतून वाकत होत्या.

पण एक सांग, ही तक्रार केली कोणी? बेटावरचं कोणी नाही, सगळ्यांना विचारलं. मी शोधून काढणार. आणि सापडला की त्याची काय गत करते ते बघ!

किनुए

*

कोबे, ३० जुलै

आदरणीय ताई,

उकाडा फार आहे. तुझी तब्येत ठीक असेल अशी आशा करते.

तुझं पत्र फार रंजक होतं. मात्र शेवटचा परिच्छेद मला थोडा कठोर वाटला. ज्या व्यक्तीने लिहिलं तिचा हेतू चांगलाही असू शकेल. तिला फक्त तुझी काळजी वाटत असेल. "सकाळपासून संध्याकाळपर्यंत तेल विकत बसते" हे शब्द तिने रोजच्या बोलण्यातल्या अर्थाने लिहिले असतील, आणि नगरपालिकेतल्या अर्धवट शिकलेल्या कोणा कारकुनाने त्याचा शब्दशः अर्थ घेतला असेल. हल्ली भाषेचा दर्जा किती घसरला आहे याचंच हे उदाहरण म्हणायचं. त्यात त्या व्यक्तीचा काय दोष?

साधारण काय गत करायचा विचार आहे? सहज विचारते.

मिचियो

*

उकिनेजिमा, ४ ऑगस्ट

मिची,

मी लिहिलं होतं, "चोरून इंधन विकते" अशी तक्रार गेली. तेवढंच मला ताकेमोतो-सानने सांगितलं. "तेल विकत बसते" असे शब्द त्या तक्रारीत होते हे मला आजपर्यंत ठाऊक नव्हतं. अग्निशमन दलाला ठाऊक असेल, आणि जिने लिहिलं तिला.

काय म्हणतेस, बाई?

किनुए

*

कोबे, ९ ऑगस्ट

ताई,

मी. मी लिहिलं. नगरपालिकेच्या वृद्धकल्याण विभागाला, चांगल्या कागदावर, माझ्या उत्तम अक्षरात. "माझी बहीण पंप बंद झाल्यावरही तिथेच सकाळपासून संध्याकाळपर्यंत तेल विकत बसते, कृपया लक्ष घालावे." अगं, पूर्वी केसांचं तेल विकणारे दारोदार फिरायचे, तेल मापात थेंब थेंब पडेपर्यंत बायकांशी गप्पा मारायचे, त्यावरून आलेला शब्द हा, पाचवीतल्या पोराला विचार! मी चाळीस वर्षं हा शब्द शिकवला. एक क्षणही मनात आलं नाही की पंपवाल्या बाईबद्दल तो लिहू नये. तू दुसरं काही विकत असतीस तर काही झालं नसतं!

तीन दिवस हसावं की तोंड लपवावं कळत नव्हतं. उमेच्या दारूपाशी आले की हसू येतं, बाकी वेळ लाज.

मला वाटलं, कोणी चांगली समाजसेविका येईल, तुला समजावेल की बाई, या वयात एकटं राहू नका, बहिणीकडे जा. तू यावीस म्हणून केलं. तुझ्या काळजीने केलं असं लिहिणार होते, पण ते अर्धंच खरं. मला इथे कोणी नाही, ताई. बुधवारचा गाण्याचा वर्ग तुला मी मोठ्या तोऱ्यात सांगितला, मी स्वतः दोनदाच गेले. भात शिजला की कुकर एक धून वाजवतो आणि मी त्याला "आले, आले" म्हणते. दिवसभरात बोललेलं माझं तेवढंच वाक्य असतं कधी कधी. मी तुझी वाट बघत होते. एप्रिलपासून रोज त्या खोलीत जाऊन पडदे उघडते.

आता काय गत करायची ती कर.

मिचियो

*

उकिनेजिमा, २० ऑगस्ट

मिची,

तुझं पत्र मी पंपावर मोठ्याने वाचलं. म्हणजे पहिला अर्धा भाग. सगळे इतके हसले की गुरुजींना ठसका लागला. दुसरा अर्धा मी आत जाऊन एकटीने वाचला.

आता माझं ऐक. तू नगरपालिकेला एक ओळ लिहिलीस. मी तुला चार महिने खोटं लिहिलं. येईन म्हणते, पंधरा दिवस दे, ऑगस्टमध्ये नक्की. मी एक डबासुद्धा आवरलेला नाही, मिची. मी येणार नव्हतेच. एप्रिलमध्येच माहीत होतं मला. तू गिरकी घेतलीस, गादी आणलीस, मग सांगायची हिंमतच होईना. कोबेत मी काय करू गं? लिफ्टमध्ये कोणाला वाकून नमस्कार करू? तिथे मी नुसती म्हातारी असेन. इथे मी पंपवाली आहे, टाकीत वाळू असली तरी. माफ कर. त्या पडद्यांची मला फार फार लाज वाटते.

आणि हे सगळं तुझ्या त्या एका ओळीने पक्कं केलं. ताकेमोतो-सानने अहवालात काय लिहिलं ठाऊक आहे? ज्वलनशील पदार्थ: फळांची दारू, एक बरणी. आणि खाली सूचना, की या बेटावर गाडी चार्ज करायला दुसरी जागा नाही, तर इथे नगरपालिकेने रीतसर यंत्र बसवावं, कारण जागा, छत आणि चालवणारी बाई तयार आहे. मंजूर झालं! पुढच्या महिन्यात दोन यंत्रं येणार, हिवाळ्यात रॉकेल मिळालं नाही तर म्हाताऱ्यांना ऊब मिळावी म्हणून ऑफिसात विजेची गरम खोली होणार. शिगेमात्सु उड्या मारतोय, गुडघा सांभाळून. ओतोकिताईंनी विजेची स्कूटर बघायला मुलाला पाठवलंय. बेटावरच्या सव्वीसपैकी नऊ जणांनी नाव नोंदवलं, निम्मे केवळ इथे बसायला मिळेल म्हणून!

यंत्र नवं असलं तरी गाडीला तास जाणारच. पेट्रोल भरायला तीन मिनिटं लागायची, कोणाची सून भांडली एवढंच कळायचं. आता का भांडली ते पण कळेल.

माझ्याच्याने हे एकटीने होणार नाही. नगरपालिकेच्या अर्जावर "चालक" असे दोन रकाने होते. दुसऱ्यात मी तुझं नाव लिहिलं. न विचारता. अक्षर वाईट आहे, तुझ्या नावातली एक रेघ बहुधा चुकली. वरच्या मजल्यावर तुझी जुनी खोली आहे, खिडकीतून खरा समुद्र दिसतो. नको असेल तर सोबतच्या कागदावर सही करून परत पाठव. मी रागावणार नाही. म्हणजे रागावेन, पण दोन दिवसांनी.

ये ना गं.

किनुए

*

कोबे, २७ ऑगस्ट

ताई,

माझ्या नावातली एक नाही, दोन रेघा चुकल्या आहेत.

तुझा कागद पाच दिवस टेबलावर होता. रोज सही करायला बसले. पहिल्या दिवशी लिहिणार होते, की मला बोट लागते. दुसऱ्या दिवशी, की माझे दाताचे डॉक्टर इथे आहेत. तिसऱ्या दिवशी कारणं संपली आणि खरं तेवढं उरलं, ते तुला पन्नास वर्षांत सांगितलं नाही. बोटीने जायचो त्या पलीकडच्या बंदरावरच्या शाळेत मुली मला "रॉकेल" म्हणायच्या. माझ्या गणवेशाला वास यायचा ना. बाकावर शेजारी कोणी बसायचं नाही. म्हणून अठराव्या वर्षी शिकायला म्हणून निघाले आणि परत राहायला कधी आले नाही. सुट्टीत आले तरी रात्रीचे कपडे वेगळ्या पिशवीत बांधून आणायची, आठवतं? तू बाबांबरोबर त्या वासात उभी राहिलीस, मला फीसाठी पैसे पाठवलेस, आणि मी नाकाला रुमाल लावून शहरात भाषा शिकवत बसले. तुला माफी मागायची काही गरज नाही. मलाच आहे.

आता अटी ऐक. पंपावरच्या पाट्या मी लिहीन, तू नाही. गणवेशाची टोपी मी घालणार नाही. शिगेमात्सु-सानने दिवसातून एकदाच टाकी फुल्ल म्हणावं. आणि मला तीन महिने जमतंय का बघायचं आहे, तीनच, हे लक्षात ठेव. पडदे काढून घेतले आहेत, ते सोबत आणते.

गॅस बंद केला. शेजारणीला किल्ली दिली. ती म्हणाली, "कुठे निघालात?" मी म्हटलं, "बहिणीकडे, तेल विकायला." तिला काय समजलं असेल ते असो!

हे पत्र स्टेशनवरच्या पेटीत टाकते आणि गाडीत बसते. टपाल बेटावर पोचायला दोन दिवस लागतात आणि मी आज संध्याकाळच्या बोटीने येते. म्हणजे पोस्टमन हे घेऊन येईल तेव्हा मी तुझ्याशेजारी बसलेली असेन. तू फोडू नकोस. माझ्याकडे दे, मीच वाचून दाखवीन.

मिचियो